शब्द कशाने सुरू होत नाही, ते आधी बघा: अक्षरजुळणी आणि शब्दखेळाची रीत

चार चिठ्ठ्या घ्या. एकीवर त्ना, दुसरीवर री, तिसरीवर र, चौथीवर गि लिहा. कशाही टाका आणि समोरच्याला विचारा, गाव कुठलं?

देवगडला आमच्या पडवीत दर पावसाळ्यात हा खेळ चालतो. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि वाडीतल्या पोरांना संध्याकाळ मोठी वाटायला लागते. नवं पोर आलं की मी त्याला हेच गाव घालते. ते काय करतं, तर चिठ्ठ्या पडल्या त्याच क्रमाने मोठ्याने वाचतं. त्ना-री-र-गि. पुन्हा त्ना-री-र-गि. पाचव्यांदा म्हणेपर्यंत तो आवाज कानात पक्का बसतो आणि मग रत्नागिरीला आजोळ असलेल्या पोरालाही रत्नागिरी दिसत नाही.

यात पोराचा दोष नाही. आपलं अक्षर म्हणजे एक आवाज. ते दिसलं की आपोआप उच्चारलं जातं आणि उच्चारलं की क्रम घट्ट होतो. म्हणून पहिली पायरी अगदी साधी: तोंड मिटा आणि चिठ्ठ्या गोलात मांडा. ओळीत मांडल्या की डोळा डावीकडून वाचायला लागतो. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे कुठल्याही अक्षरापासून निघता येतं. कागदावर सोडवत असाल तर मूळ ओळ हाताने झाका आणि अक्षरं ताटलीच्या काठावर लिहावीत तशी गोल लिहून घ्या.

दुसरी पायरी हाच या लेखाचा गाभा आहे. शब्द कुठला असेल हा प्रश्न इतक्यात विचारायचाच नाही. कुठलं अक्षर कुठे बसू शकत नाही, एवढंच बघायचं. आणि ते सांगणारे नियम आपण शाळेत आधीच शिकलेले असतो. शुद्धलेखनाचे नियम म्हटलं की लाल शाई आणि कापलेले गुण आठवतात, पण ते अक्षरांच्या जागा ठरवणारे नियम आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर एकदा याच नजरेने वाचा. कोड्यात हातात याहून चांगली किल्ली नाही.

जागा ठरवणारी अक्षरं

ळ आणि ण यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. चिठ्ठ्यांत ळ दिसला की तो मधे किंवा शेवटी, पहिली जागा त्याला बंद.

रफार डोक्यावर घेतलेलं अक्षरही पहिलं येत नाही. र्ग, र्ण, र्ले यांच्या आधी काहीतरी हवंच. तेच द्वित्ताचं: ल्ला, क्का, ट्टी, त्ता यांनी शब्द उघडत नाही. जोडाक्षर उघडणारं असलं तर बहुतेक प्र, श्र, स्व, व्य, ग्र, स्थ, द्व अशा ओळखीच्या घरातलं असतं. म्ह आणि न्ह विसरू नका, म्हैस आणि न्हाणी त्यांनीच सुरू होतात.

सुटा स्वर बहुधा पहिला असतो: आमसूल, उकड, ओहोटी. अपवाद ई आणि ऊ यांचा. हे दोघे शेवटी बसतात (सुई, मिठाई, भाऊ, खाऊ) किंवा मधे घुसतात (पाऊस, देऊळ). चिठ्ठ्यांत ऊ असेल तर मी आधी पा, दे, भा, खा अशा अक्षराच्या मागे लावून बघते.

आता ह्रस्व-दीर्घ. यातून सगळ्यात जास्त मिळतं, म्हणून जरा थांबून वाचा. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो. आणि, नि, परंतु, तथापि असे मोजके शब्द सोडून. म्हणजे ह्रस्व वेलांटीची किंवा ह्रस्व उकाराची चिठ्ठी शेवटी जात नाही. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ह्रस्व: किडा, विळी, पिसू, महिना. शेवटचं अक्षर नुसतं अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: खीर, तूप, बहीण, जमीन. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यात बसत नाहीत. गुण, विष, मंदिर, पूजा, परीक्षा आपापल्या मूळ रूपात राहतात. त्यामुळे हा नियम कुलूप म्हणून लावू नका, कुठे आधी शोधायचं ते सांगणारा म्हणून वापरा.

आता त्या चार चिठ्ठ्यांकडे परत या. चार वेगळी अक्षरं २४ प्रकारांनी मांडता येतात. री दीर्घ, ती शेवटी ठेवून बघू, उरले ६. त्ना हे उघडणारं जोडाक्षर नाही, म्हणून तो पहिला नको, उरले ४. गि ह्रस्व आहे आणि री दीर्घ, म्हणजे गि तिच्या लगेच आधी शोभते. आता र आणि त्ना यांना दोन मोकळ्या जागा आणि त्ना पहिला येत नाही. शब्द न ओळखताच आपण रत्नागिरीला येऊन पोहोचलो.

आणखी एक: सू, म, आ, ल. आ पहिला. सू दीर्घ आहे आणि शेवटी अकारान्त अक्षर येणार, म्हणून सू त्याच्या आधी. राहिले दोनच: आमसूल आणि आलसूम. इथे आता तोंड उघडा. कानाचं काम शेवटी आहे, दोन-तीन पर्यायांतून खरा निवडण्यापुरतं. तेवढं काम कान फार चोख करतो.

मोठ्या शब्दांत आधी शेपूट शोधा

पाच अक्षरं झाली की १२० प्रकार, सहाला ७२०, सातांना ५०४०. इथे एकेक अक्षर हलवत बसलात तर वेळ जातो. आधी जोडी शोधा. वाडी, गड, पूर, वली, बाग, दुर्ग ही गावांची शेपटं. दार, पणा, णे, ता ही साध्या शब्दांची. सा, डी, त, वा, वं यांत वाडी दिसली की ती बाजूला घट्ट धरा. मग सा, वं, त एवढंच उरतं आणि १२० चे ६ होतात.

एक अक्षर दोनदा आलं असेल तर आनंद माना. कणकवलीत क दोन आहेत, त्यामुळे १२० नव्हे, ६० च प्रकार. ली शेवटी ठेवली की १२, ण पहिल्या जागेवरून काढला की ९. वली जोडी आधीच दिसली असेल तर एवढं मोजायची वेळही येत नाही.

सरावाला मी पोरांना आडनावं देते. गावाला कर लावलं की कोकणातलं अर्धं हजेरीपत्रक तयार होतं, आणि शेवटचा क-र धरून मागे जायची सवय लागते. शब्दखेळांच्या स्पर्धेत विशेषनामं चालत नाहीत, पण नजर तयार करायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

अडलात तर चिठ्ठ्या वर्णमालेच्या क्रमाने लावा, क पासून ळ पर्यंत. हे उगाच नाही. तीच सहा-सात अक्षरं पुढच्या वेळी कशीही पडली तरी वर्णक्रमाने लावल्यावर त्यांचा चेहरा एकच असतो. स्क्रॅबल म्हणजे घरं आखलेल्या पाटावर अक्षरांच्या सोंगट्या लावून आडवे-उभे शब्द जुळवायचा खेळ. इंग्रजी स्क्रॅबलचे मुरलेले खेळाडू पाठांतर असंच करतात: अक्षरांचा वर्णक्रमाने लावलेला गुच्छ आणि त्यातून निघणारे सगळे शब्द.

स्क्रॅबलवरून आठवलं. वाडीतली काही पोरं शाळेत इंग्रजीतला हा खेळ खेळतात आणि तिथेही कानच आडवा येतो. इंग्रजी अक्षराला ठरलेला आवाज नाही, म्हणून तिथे उच्चार जवळजवळ सोडून द्यावा लागतो. आय-एन-जी, ई-डी, टी-आय-ओ-एन ही शेपटं डोळ्याने वेगळी काढायची, टी-एच आणि सी-एच जोड्या डोळ्यानेच धरायच्या. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते झाले आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचे. त्यांनी शब्द चित्रासारखे लक्षात ठेवले. आपल्याला मराठीत तेवढं करायची गरज नाही, पण डोळा आधी आणि कान नंतर हा क्रम तोच.

घरचा संच

चिठ्ठ्यांच्या कोड्यात हात बसला की पाटावरचा सामना खेळा. संच घरी करता येतो.

अल्फ्रेड बट्स हे अमेरिकन वास्तुविशारद. १९३० च्या मंदीत काम गेलेलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून आपल्या खेळात कुठलं अक्षर किती ठेवायचं ते ठरवलं. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं. इंग्रजी संचात १०० सोंगट्या आहेत: ई बारा, क्यू आणि झेड एकेकच, दोन कोऱ्या, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. आम्ही तेच केलं. मराठी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, पोरांत रकाने वाटले आणि प्रत्येक व्यंजनापुढे रेघा मारत गेलो. र, त, क, ल, न, स, व यांच्या रेघा भराभर वाढतात. झ, ढ, छ, ठ मागे राहतात. जितक्या रेघा जास्त तितक्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी. आमच्या संचात र ९ आहेत, प्रत्येकी १ गुणाचे. झ एकच आहे, ८ गुणांचा.

मात्रांचं काय, हा पहिला प्रश्न येतोच. का, की, कु, के सगळे वेगळे केले तर संच पोत्यात भरावा लागेल. आमचा नियम असा: सोंगटीवर नुसतं व्यंजन, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार मोकळे. आडवा आणि उभा शब्द एकाच सोंगटीवरून जात असले तर आडव्यात तिला रा आणि उभ्यात री म्हणता येतं. जोडाक्षराला दोन सोंगट्या लागतात, म्हणजे पत्र म्हणजे प-त-र. अ ची सोंगटी कुठल्याही सुट्या स्वराचं काम करते. आणि शेवटचा नियम मी कधीच सैल करत नाही: लावलेला शब्द वहीत शुद्ध लिहिला तरच गुण. पहिल्याच पावसाळ्यात वाडीतल्या पोरांचं ह्रस्व-दीर्घ सुधारलं ते या एका नियमामुळे.

सोंगट्या पुठ्ठ्याच्या करू नका. आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून केल्या होत्या. जुलैच्या दमट हवेत त्या फुगल्या, झ ची एका कोपऱ्यात वाकली आणि पिशवीत हात घातला की बोटाला कळायला लागलं की हाच झ. महिनाभर एकच मुलगा झ काढत होता. शेवटी सुताराकडून पट्टीचे सारखे तुकडे कापून आणले आणि पॉलिश पेपरने घासले. वापरून झाले की पत्र्याच्या डब्यात.

पाटावरचा डाव

आता अक्षरं नुसती व्यंजनं आहेत, त्यामुळे शोधायची रीत थोडी बदलते. दोन-तीन व्यंजनांचा सांगाडा धरायचा आणि त्यावर मात्रा फिरवायच्या. ब-ट घ्या: बट, बूट, बेट, बोट, बटा, बेटा, बेटी. क-र घ्या: कर, कार, केर, कोर, कोरा. रोज एक सांगाडा वहीत लिहिला तरी पावसाळाभरात मोठा साठा होतो. जड अक्षरांचे दोन अक्षरी शब्द मात्र पाठच हवेत, कारण तीच हातात अडकतात. ढ साठी ढग, ढीग, वाढ, मूढ. झ साठी झरा, झीज, ओझे, झोका. ठ साठी मीठ, पीठ, काठ, ठसा. छ साठी छत, छाप, छंद. घ साठी घर, वाघ, मेघ, घाट.

डावात सगळ्यात महागात पडणारी चूक मी शंभरदा बघितली आहे. एका मुलीच्या हातात न, र, ळ, झ, ढ, क, स अशी सात अक्षरं होती. न-र-ळ शेजारी शेजारी, नारळ समोर दिसतोय, तिने लगेच लावला. आमच्याकडे ळ चे ४ गुण, म्हणजे ६ मिळाले. पण हातात उरले झ, ढ, क, स. दोन्ही जड अक्षरं तिथेच. तिने ढेकळ लावलं असतं तर १३ मिळाले असते, ढ गेला असता, आणि हातात न, र, स, झ राहिले असते. त्यांत पुढच्या डावाचा झरा तयार आहे. म्हणून शब्द लावण्याआधी उरणारी अक्षरं हाताने बाजूला काढून बघा. लावायचा शब्द आणि उरणारा हात, दोन्ही मिळून एक चाल होते. कमी गुणांचा शब्द लावून चांगला हात राखणं पुष्कळदा बरं. र शक्यतो एक तरी ठेवा, कारण जोडाक्षरात तो अक्षराच्या आधीही बसतो आणि नंतरही. कोरी सोंगटी चार-पाच गुणांसाठी घालवू नका. सातही अक्षरं एकदम लावली तर स्क्रॅबलमध्ये ५० गुण वर मिळतात, आमच्याकडेही तेवढेच, आणि तिथे कोरी सोंगटी कामाला येते.

हात अगदीच बिघडला तर बदला. एक डाव जातो म्हणून पोरं घाबरतात, पण जड अक्षरं घेऊन तीन डाव दोन-दोन गुणांचे शब्द लावत बसण्यापेक्षा एक डाव सोडलेला बरा. स्क्रॅबलच्या नियमात पिशवीत किमान सात सोंगट्या असतील तरच बदलता येतं, तेव्हा वेळेत ठरवा.

पाटावर तुम्ही काय उघडून ठेवता तेही बघा. समजा, तुम्ही दर लावलात आणि त्याच्या आधीचं घर मोकळं आहे. समोरच्याला आदर, सादर, चादर, पदर, कदर, बंदर एवढ्या वाटा दिल्यात. गर चं तेच: आगर, सागर, नगर, घागर, जागर, मगर. त्या मोकळ्या घरावर किंवा त्याच्या शेजारी तिप्पट शब्दाचं घर, म्हणजे शब्दाचे गुण तिप्पट करणारं घर, असेल तर स्वतःच्या हाताने गुण वाढून दिले म्हणा. पुढे असाल तर अशा जागा बंद करत चला. मागे असाल तर मुद्दाम उघडा, कारण बंद पाटावर मागचा माणूस वर येऊ शकत नाही. असे एका अक्षराने वाढणारे शब्द वेगळ्या पानावर लिहून ठेवा. साग-सागर, फण-फणस, बंद-बंदर हे मागे वाढणारे.

शब्दावरून वाद होणारच, म्हणून कोश आधी ठरवा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, फोनवरही उघडतो. आमच्याकडे एकदा झील वरून रण माजलं. लावणाऱ्याच्या मनात मालवणीतला झील होता, म्हणजे मुलगा. समोरचा म्हणाला, मालवणी चालणार नाही असं ठरलंय. ठरलं होतं खरं. पण पोवाड्यात शाहिराच्या मागे जी धरतात तीही झीलच, आणि धरणारे झीलकरी. शब्द राहिला. पोराला नवा अर्थ मिळाला आणि ८ गुणांचा झ ही बसला. आमच्या आजूबाजूला रोज बोलले जाणारे किती शब्द प्रमाण मराठीतही दुसऱ्या अर्थाने नांदतात, ते अशा भांडणांतूनच कळतं. म्हणून शंका असली तरी हरकत घेण्याआधी दोन क्षण विचार करा. हरकत चुकली तर डाव जातो, असा नियम ठेवला की हा विचार आपोआप होतो.

शेवटाकडे सोंगट्या मोजा. सुरुवातीलाच कागदावर सगळी अक्षरं लिहून घ्या आणि पाटावर पडेल ते खोडा. पिशवी रिकामी झाली की न खोडलेली अक्षरं वजा तुमचा हात म्हणजे समोरच्याचा हात. मग त्याच्याकडे ढ अडकलाय हे दिसतं आणि ढ बसेल अशी एकमेव जागा तुम्ही अडवू शकता. आधी हात रिकामा करणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या अक्षरांचे गुण मिळतात, त्यामुळे शेवटचे दोन डाव लांब शब्दापेक्षा लवकर सुटण्याचा हिशोब मोठा. वेळही बघा. स्क्रॅबलच्या स्पर्धांत साधारण प्रत्येकाला २५ मिनिटं असतात आणि त्यावरच्या प्रत्येक मिनिटाला १० गुण कापतात. आम्ही एका चालीला दोन मिनिटं देतो.

आता या सोडवा. तोंड मिटून, गोलात मांडून.

र्ले, गु, वें.

क, ढी, ल, सो. जेवणानंतर लागते.

ग, मि, र, ठा. शिरोड्याला बघितलं असेल.

र, गु, ग, हा.

आणि एक मोठी: र्ण, दु, सु, र्ग, व. दोन रफार आहेत, म्हणजे दोन अक्षरांना पहिली जागा बंद. सु आणि दु ह्रस्व, ती शेवटी जाणार नाहीत. शेपटाची जोडी वर येऊन गेली आहे. ती मागे लावा आणि हर्णैच्या बंदरावर उभं राहून समुद्रात बघा.